शिफ्टचं बटण, मार्कर पेन आणि सोनीची सीडी

ऑक्टोबर २००३ मध्ये प्रिन्स्टन विद्यापीठातल्या अ‍ॅलेक्स हॉल्डरमन नावाच्या विद्यार्थ्याने एक निबंध प्रसिद्ध केला. निबंध तांत्रिक होता, पण त्यातली कामाची गोष्ट शाळकरी पोरालाही जमेल अशी होती. कॉपी प्रोटेक्शन असलेली अमुक एक गाण्यांची सीडी विंडोजच्या कॉम्प्युटरमध्ये घालताना शिफ्टचं बटण दाबून ठेवायचं, की ते प्रोटेक्शन सुरूच होत नाही आणि सीडी नेहमीसारखी कॉपी होते. प्रोटेक्शन बनवणाऱ्या सनकॉम या अमेरिकन कंपनीचा शेअर घसरला. कंपनीने या पोरावर एक कोटी डॉलरचा दावा लावू म्हणून जाहीर केलं, आणि चहूकडून टीका झाल्यावर लगेच शेपूट घातली.

एका बटणाने निकामी होणारं कुलूप रेकॉर्ड कंपन्या पैसे देऊन विकत का घेत होत्या? आणि ते उघडं पाडणाऱ्याला कोर्टाची भीती कशाच्या जोरावर दाखवत होत्या? या दोन प्रश्नांच्या मागे गेलं की संगीत उद्योगाने आपल्याच गिऱ्हाइकाशी वीसेक वर्षं घातलेला वाद बराचसा उलगडतो. इथे रस्त्यावर नकली सीडी विकणाऱ्यांचा विषय नाही. आपण दुकानातून पावती घेऊन आणलेलं गाणं आपल्याच दुसऱ्या यंत्रावर ऐकायचं, एवढंच.

सीडीला मुळात कुलूप नव्हतं

फिलिप्स आणि सोनी या दोन कंपन्यांनी मिळून १९८० मध्ये सीडीचे नियम ठरवले आणि १९८२ मध्ये ती बाजारात आली. सीडीवर आवाज आकड्यांत लिहिलेला असतो. सेकंदाला ४४,१०० वेळा आवाजाचं माप घ्यायचं, प्रत्येक माप १६ बिटांचं, आणि हे डाव्या-उजव्या स्पीकरसाठी वेगवेगळं. गुणाकार केला तर एका मिनिटाच्या गाण्याला जवळपास १० एमबी जागा लागते. १९८३ मध्ये आलेल्या आयबीएमच्या पीसी एक्सटी या कॉम्प्युटरची अख्खी हार्ड डिस्क १० एमबीची होती. तेव्हा एका गाण्याचं एक कडवंही घरच्या कॉम्प्युटरवर धड मावलं नसतं. सीडी कोणी कॉपी करेल हा विचारच तेव्हा चैनीचा होता, म्हणून आकडे उघडेच ठेवले गेले.

खरं तर तेव्हा कंपन्यांची झोप उडवली होती ती कॅसेटने. ब्रिटनमधल्या रेकॉर्ड कंपन्यांच्या संघटनेने १९८१ मध्ये 'होम टेपिंग इज किलिंग म्युझिक' अशी मोहीम काढली. तिचं चिन्ह म्हणजे खालीवर हाडांची फुली आणि कवटीच्या जागी कॅसेट. आपल्याकडेही रेडिओवरची गाणी टेप करणं किंवा गाण्यांची यादी देऊन दुकानातून कोरी कॅसेट भरून घेणं हे इतकं घरोघरचं होतं, की त्यात काही वावगं आहे असं कोणाच्या मनातही येत नसे. ब्रिटनमधलं संगीत मेलं नाही हे सांगायला नकोच.

कॅसेटच्या भांडणातून काही देशांनी तोडगा मात्र चांगला काढला. जर्मनीने १९६५ मध्येच रेकॉर्डिंगच्या यंत्रांवर छोटी पट्टी बसवली. म्हणजे टेपरेकॉर्डर विकत घेताना किमतीतच थोडी रक्कम कलाकारांसाठी कापली जाणार, आणि मग लोकांनी घरी काय टेप केलं ते विचारायचं नाही. अमेरिकेने १९९२ मध्ये डिजिटल टेपसाठी असाच कायदा केला. यंत्राच्या किमतीवर २ टक्के, कोऱ्या टेपवर ३ टक्के. यंत्रात अशी सोय सक्तीची केली, की मूळ सीडीवरून कॉपी करता येईल, पण त्या कॉपीची पुन्हा कॉपी होणार नाही. बदल्यात कंपन्यांनी मान्य केलं, की स्वतःसाठी कॉपी करणाऱ्यावर खटला भरायचा नाही.

हा समझोता टिकला असता तर पुढचं बरंचसं टळलं असतं. पण त्यात कॉम्प्युटर बसत नव्हता. कायद्याच्या व्याख्येप्रमाणे तो 'गाणी रेकॉर्ड करायचं यंत्र'च नव्हता. इकडे हार्ड डिस्का फुगत गेल्या, आणि जर्मनीतल्या फ्राउनहोफर संस्थेतल्या लोकांचा मोठा हात असलेल्या एमपीथ्रीने गाण्याची फाइल साधारण अकराव्या हिश्श्यावर आणली. १९९८ मध्ये रिओ नावाचा खिशात मावणारा प्लेअर आला, क्षमता ३२ एमबी, म्हणजे जेमतेम अर्धा-पाऊण तास गाणी. अमेरिकन कंपन्या त्याच्याविरुद्ध कोर्टात गेल्या आणि १९९९ मध्ये अपिलात हरल्या. आपल्याकडचं गाणं एका जागेवरून उचलून दुसऱ्या जागी ऐकणं हा निव्वळ वैयक्तिक वापर आहे, असं कोर्टाने म्हटलं.

जुन्या प्लेअरवर वाजली पाहिजे, कॉम्प्युटरवर वाजता कामा नये

कोर्टाने हात वर केले, लोक गाण्यांच्या फाइली एकमेकांना फुकट देत ते नॅपस्टर बंद पडलं तरी त्याच्या जागी दुसरं उगवत होतं, तेव्हा कंपन्यांनी सीडीलाच कुलूप लावायचं ठरवलं. अडचण अशी, की लोकांच्या घरात तोवर कोट्यवधी सीडी प्लेअर होते आणि त्यांना कुलूप उघडायची अक्कल नव्हती. त्यामुळे आकडे उघडेच ठेवणं भाग होतं. मग करायचं काय, तर कॉम्प्युटरला गोंधळात टाकायचं.

साधा प्लेअर सीडीचा पहिला भागच वाचतो. कॉम्प्युटर मात्र डिस्कवर पुढे आणखी काही लिहिलंय का ते बघतो. तेव्हा डिस्कच्या बाहेरच्या कडेला एक खोटा डेटा ट्रॅक टाकायचा. कॉम्प्युटर तो वाचायला जातो, अडकतो, आणि गाण्यांपर्यंत पोचतच नाही. २००२ मध्ये युरोपात सेलीन डिऑनचा नवा अल्बम अशा प्रकारे निघाला. काही मॅक कॉम्प्युटर त्याने असे लटकले, की डिस्क बाहेर काढतानाही मारामार झाली. त्याच सुमारास कोणाच्या तरी लक्षात आलं, की तो खोटा ट्रॅक नुसत्या डोळ्यांना दिसतो, आणि साध्या मार्कर पेनने त्याच्यावर काळं फासलं की कॉम्प्युटरला तो वाचता येत नाही. मग गाणी बिनबोभाट कॉपी होतात. लाखो डॉलर खर्चून केलेला बंदोबस्त दहा-वीस रुपयांच्या पेनने उठला. अशा डिस्का सीडीच्या नियमांत बसतच नाहीत, त्यांच्यावर आमचं सीडीचं चिन्ह छापू नका, असं खुद्द फिलिप्सने बजावलं होतं.

दुसरी पद्धत सनकॉमची. विंडोजमध्ये सीडी घातली की तिच्यावरचा प्रोग्रॅम आपोआप चालू व्हायचा, त्याला ऑटोरन म्हणत. या ऑटोरनच्या आडून कॉम्प्युटरमध्ये एक ड्रायव्हर बसवायचा, म्हणजे सीडी ड्राइव्ह आणि कॉपी करणारं सॉफ्टवेअर यांच्या मधला दलालच. सॉफ्टवेअरने गाणं मागितलं की हा दलाल मध्येच खरखर मिसळून देणार. शिफ्ट दाबलं की विंडोज ऑटोरन टाळतं. मायक्रोसॉफ्टने ही सोय जाणूनबुजून दिलेली होती. दलाल बसलाच नाही तर अडवणार कोण?

यापुढची पायरी सोनी बीएमजी या रेकॉर्ड कंपनीने गाठली.

सोनीची सीडी

मार्क रसिनोविच हे विंडोजच्या अंतरंगाचे नामवंत जाणकार. कॉम्प्युटरमध्ये लपून बसलेले प्रोग्रॅम शोधणारं एक टूल त्यांनी लिहिलं होतं. ते स्वतःच्या कॉम्प्युटरवर चालवून बघताना त्यांना स्वतःकडेच लपलेल्या फाइली सापडल्या. व्हायरस म्हणून माग काढत गेले, तर धागा जाऊन पोचला त्यांनीच अ‍ॅमेझॉनवरून रीतसर विकत घेतलेल्या व्हॅन झँट या जोडगोळीच्या सीडीपाशी. ३१ ऑक्टोबर २००५ रोजी त्यांनी सगळा तपशील जाहीर केला.

त्या सीडीत एक्ससीपी नावाचं प्रोटेक्शन होतं, बनवणारी कंपनी ब्रिटनमधली फर्स्ट फोर इंटरनेट. सीडी घातली की एक करारनामा यायचा. आपण सगळे करतो तसं 'आय अ‍ॅग्री' दाबलं की सोनीचा प्लेअर बसायचा आणि त्याच्यासोबत तो दलाल ड्रायव्हर. सापडला तर लोक काढून टाकतील, म्हणून त्याला लपवण्यासाठी रूटकिट. रूटकिट विंडोजच्या गाभ्यात घुसून बसतं. 'या फोल्डरमध्ये काय काय आहे' असं कोणीही विचारलं, की उत्तरातून हवी ती नावं गाळून मगच पुढे पाठवतं. इथे गाळायचा नियम होता तो असा: ज्या नावाची सुरुवात डॉलरचं चिन्ह, एस-वाय-एस ही अक्षरं आणि पुन्हा डॉलरचं चिन्ह अशी असेल, ते दिसू द्यायचं नाही. नाव सोनीच्या फाइलचं आहे की आणखी कोणाच्या, हे तपासायची तसदी घेतलेलीच नव्हती.

त्यामुळे काही दिवसांतच व्हायरस लिहिणाऱ्यांनी आपल्या फाइलींना तसंच नाव द्यायला सुरुवात केली. लपायची जागा आयती तयार होती आणि अँटिव्हायरसलाही आत काही दिसत नव्हतं. ऑनलाइन गेममध्ये लांडीलबाडी करणाऱ्यांनीही याच आडोशाचा फायदा उचलला. ज्यांनी फाइली सापडवून हाताने पुसल्या, त्यांचा सीडी ड्राइव्हच विंडोजला दिसेनासा झाला.

सोनी बीएमजीच्या डिजिटल विभागाचे प्रमुख रेडिओवर म्हणाले, की रूटकिट म्हणजे काय हे बहुतेकांना ठाऊकच नाही, मग त्यांनी त्याची काळजी कशाला करावी? माझ्या मते या सगळ्या प्रकरणाचा कणा या उत्तरात आहे. कंपनीच्या लेखी गिऱ्हाईक म्हणजे संशयित, आणि संशयिताला सगळं सांगायचं नसतं. पुढे आरडाओरडा झाला तेव्हा हे काढून टाकायचा प्रोग्रॅम दिला, तर त्याने नवीनच भगदाड पाडलं. तो वापरलेल्या कॉम्प्युटरवर कुठलीही वेबसाइट हवा तो प्रोग्रॅम चालवू शकत होती. हे शोधलं तेही प्रिन्स्टनच्या हॉल्डरमन आणि त्यांचे प्राध्यापक एड फेल्टन यांनी. आणि नकलेविरुद्धच्या या सॉफ्टवेअरमध्ये खुद्द दुसऱ्यांच्या मुक्त सॉफ्टवेअरचा कोड परवान्याच्या अटी धाब्यावर बसवून उचललेला आढळला. ही गोष्ट कोणी रचून सांगितली असती तर खोटी वाटली असती.

तो करारनामाही सोडू नये. घरात चोरी होऊन मूळ सीडी गेली, तर कॉम्प्युटरवरच्या कॉप्या पुसून टाकायच्या. दिवाळं वाजलं, तरी पुसायच्या. आणि सोनीमुळे तुमचं काही नुकसान झालंच, तर भरपाईची कमाल मर्यादा पाच डॉलर.

एकूण ५२ अल्बमांवर एक्ससीपी होतं. सुमारे ४७ लाख डिस्का काढल्या होत्या, त्यातल्या २१ लाख विकल्या गेल्या होत्या. नोव्हेंबरच्या मध्यावर सोनीने माल परत बोलावला. टेक्सास राज्याने खटला भरला, ग्राहकांचे सामूहिक दावे आले. २००७ च्या जानेवारीत अमेरिकेच्या व्यापार आयोगाशी तडजोड झाली. त्यात कॉम्प्युटर दुरुस्तीसाठी १५० डॉलरपर्यंत भरपाई कबूल करावी लागली. गाण्यांच्या सीडीला कुलूप लावायचा नाद त्यानंतर मोठ्या कंपन्यांनी सोडला.

कुलूप टिकत का नाही

बँकेचा पासवर्ड टिकतो तो तुम्ही आणि बँक एका बाजूला आणि चोर दुसऱ्या बाजूला असतो म्हणून. गाण्याच्या बाबतीत ज्याला ऐकवायचं आणि ज्याच्यापासून लपवायचं तो माणूस एकच. गाणं वाजायचं तर किल्ली त्याच्याच यंत्रात ठेवावी लागते. दाराला कुलूप लावून किल्ली शेजारच्याच खिळ्याला टांगावी तसा हा मामला. आणि काही नाही तर स्पीकरला जाणाऱ्या वायरीतून परत रेकॉर्ड करता येतंच.

शंभरातल्या नव्वद जणांना ही खटपट जमणार नाही हे खरं. पण मायक्रोसॉफ्टच्याच चार इंजिनिअरांनी २००२ च्या एका निबंधात त्याचं उत्तर दिलं होतं. सगळ्यांना कुलूप उघडता यायची गरजच नाही. एकाने उघडून फाइल इंटरनेटवर टाकली की बाकीच्यांना कुलूप भेटतच नाही. ते भेटतं फक्त पैसे देऊन सीडी आणणाऱ्याला.

म्हणून कायद्याची मदत घेतली गेली. अमेरिकेने १९९८ मध्ये डीएमसीए नावाचा कायदा केला. त्यात कॉपी करणं बाजूलाच राहिलं, कुलूप मोडणं हाच स्वतंत्र अपराध ठरला, आणि मोडायचं साधन लोकांना देणंही. सनकॉमने विद्यार्थ्याला धमकावलं ते याच कायद्याच्या नावाने. फेल्टन यांच्या गटाला तर त्याआधी, २००१ मध्ये, असंच पत्र आलं होतं. संगीत उद्योगाने 'आमचं कुलूप फोडून दाखवा' असं जाहीर आव्हान दिलं, यांनी फोडलं, आणि निबंध वाचायची वेळ आली तेव्हा कायद्याचा बडगा दाखवला गेला.

स्वतःपुरती कॉपी करणं योग्य की अयोग्य, यावर कंपन्यांचं स्वतःचंही एकमत नव्हतं. मार्च २००५ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात त्यांच्या वकिलांनी सांगितलं, की विकत घेतलेली सीडी कॉम्प्युटरवर आणि तिथून आयपॉडवर घेणं पूर्ण कायदेशीर आहे. अडीच वर्षांनी, ऑक्टोबर २००७ मध्ये, दुसऱ्या एका खटल्यात सोनी बीएमजीच्या वकीलबाईंनी साक्षीत सांगितलं, की एक कॉपी केली म्हणजे एक कॉपी चोरली असंच म्हणायचं. तो खटला २४ गाणी इंटरनेटवर वाटल्याबद्दल एका बाईवर होता. ज्यूरीने २,२२,००० डॉलरचा दंड सुनावला. फेरसुनावणीत तो १९ लाख २० हजारांवर गेला आणि अपिलांच्या फेऱ्या होऊन २०१२ मध्ये पुन्हा २,२२,००० वरच येऊन थांबला. २००३ पासून असे हजारो दावे लावले, २००८ च्या अखेरीस ते सत्र थांबवलं.

इंटरनेटवरच्या दुकानातून कुलूप कसं गेलं हे थोडक्यात सांगतो. अ‍ॅपलने २००३ मध्ये ९९ सेंटला एक गाणं विकायला सुरुवात केली, कुलपासकट. फेब्रुवारी २००७ मध्ये स्टीव्ह जॉब्स यांनी जाहीर पत्र लिहून रेकॉर्ड कंपन्यांना आकडे दाखवले. आदल्या वर्षी कुलूपवाली गाणी विकली गेली दोनशे कोटींहून कमी, आणि त्याच कंपन्यांनी बिनकुलपाच्या सीडींवरून विकली दोन हजार कोटींहून जास्त. मग कुलूप नेमकं कशाला? त्याच वर्षी ईएमआय ही रेकॉर्ड कंपनी कुलूप काढायला तयार झाली, २००९ पर्यंत बाकीच्याही आल्या.

तरी कायदा सगळीकडे निवळला असं नाही. ब्रिटनमध्ये आपली सीडी आपल्या कॉम्प्युटरवर घेणं ऑक्टोबर २०१४ मध्ये कायदेशीर झालं. संगीतकारांच्या संघटना कोर्टात गेल्या, भरपाई न देता ही सूट देण्याइतका पुरावा सरकारकडे नव्हता असं ठरलं, आणि जुलै २०१५ मध्ये ती रद्द झाली. लोक आधीही कॉपी करत होते, नंतरही करत राहिले.

आपल्याकडे काय

भारतीय कायद्यात एका गाण्यात तीन वेगळे हक्क असतात: शब्दांचा, चालीचा आणि ध्वनिमुद्रणाचा. कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम ५२ मध्ये खाजगी वापरासाठी सूट आहे, पण २०१२ पर्यंत तिच्या यादीत साहित्य होतं, नाटक होतं, चाल होती, चित्र होतं. ध्वनिमुद्रण नव्हतं. त्यामुळे घरोघरी भरलेल्या कॅसेटींना या सुटीचा आधार काटेकोरपणे नव्हताच. २०१२ च्या दुरुस्तीने ती सूट सॉफ्टवेअर वगळता सगळ्यांना लागू झाली, इलेक्ट्रॉनिक साठवणुकीसकट. अट एकच, वापर न्याय्य हवा. आपली सीडी आपल्या फोनवर घेणं त्यात बसतं. तीच गाणी मेमरी कार्डात भरून विकणं बसत नाही.

कुलपाचं कलम ६५अ त्याच दुरुस्तीत आलं. शिक्षा दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड. पण आपल्या संसदेने त्यात 'हक्कभंगाच्या हेतूने' हे शब्द घातले, आणि कायद्याने मना नसलेल्या कामासाठी कुलूप मोडायला सूट ठेवली. अमेरिकेपेक्षा हे कितीतरी शहाणपणाचं आहे. गंमत तेवढी पुढच्या तरतुदीत. असं कुलूप मोडायला तुम्हाला कोणी मदत केली, तर त्याने तुमचं नाव, पत्ता वगैरे टिपून ठेवायचं. अशी वही ठेवणारा कॉम्प्युटरवाला माझ्या तरी पाहण्यात नाही.

कंपन्यांचा रोख आपल्याकडे मुख्यतः माल बनवणाऱ्यांवर आणि विकणाऱ्यांवर राहिला. महाराष्ट्राने तर २००९ मध्ये व्हिडिओ पायरेट्सना झोपडपट्टी गुंड आणि हातभट्टीवाल्यांच्या रांगेत, खटल्याआधीच स्थानबद्ध करू देणाऱ्या एमपीडीए कायद्यात नेऊन बसवलं.

आज अमेरिकेत संगीताच्या उत्पन्नाचा ऐंशी टक्क्यांहून जास्त हिस्सा स्ट्रीमिंगचा आहे. स्ट्रीमिंगमध्ये कुलूप परत आलंय आणि कोणी तक्रार करत नाही, कारण गाणं आपलं आहे असा दावाच उरला नाही. स्पॉटिफायवर ऑफलाइन घेतलेली गाणी टिकवायला ३० दिवसांत एकदा तरी इंटरनेटला जोडावं लागतं. पैसे भरायचे थांबलात की ती गेली.

कपाटात जुन्या सीडी असतील तर यूएसबीवर चालणारा ड्राइव्ह घेऊन त्या फ्लॅक फाइलींमध्ये उतरवून ठेवा. दर्जा तसाच राहतो आणि जागा साधारण निम्मी लागते. २००२ ते २००६ च्या काळात अमेरिकेतून किंवा युरोपातून कोणी आणलेली एखादी डिस्क असेल, तर आधी तिच्या पाठीवरचा बारीक मजकूर वाचा. 'कॉपी प्रोटेक्टेड' लिहिलेलं असेल तर ती जुन्या विंडोजच्या कॉम्प्युटरमध्ये ऑटोरन बंद केल्याशिवाय घालू नका.